‘ब्लॉकेजच्या पुढे औषध जातच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, विशेषतः गोदापार्क आणि गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटांवर, सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हृदयाच्या नळीत ब्लॉकेज असेल तर रक्त पुढे जात नाही, मग औषध तरी कसं जाईल? गोळ्या नुसत्या किडनी खराब करतात. नळ्या जितक्या रुंद होतील तितकं रक्त जास्त जातं, म्हणून रुंद करणारं काहीही भरपूर घ्या. एखादी गोळी पूर्वीसारखी लागू पडत नसेल तर शरीराने ती नाकारली असं समजा. हृदय सगळ्यांचं सारखंच, तेव्हा शेजाऱ्याला गुण आलेली गोळी तुम्हालाही चालेल. अटॅकनंतर मेलेल्या भागावर औषधाचा काही परिणाम होत नाही. मोठ्या परदेशी अभ्यासानेही स्टेंट निरुपयोगी ठरवलाय. शेवटी सल्ला: गोळ्या सोडा, लसूण-आलं-लिंबाचा काढा सुरू करा.

पंचवटीत माझं मेडिकल आहे. महिन्याच्या गोळ्या न्यायला येणारे लोक मोबाइल पुढे करून विचारतात, “ताई, यातल्या कोणत्या बंद केल्या तर चालतील?” विचारतात ते बरं. जे न विचारता बंद करतात त्यांची मला जास्त काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहिते आहे.

मेसेज पटतो, कारण त्यात एक धागा खरा आहे. रक्तपुरवठा कमी पडलेलं हृदय औषधाला निरोगी हृदयासारखा प्रतिसाद देत नाही. पण यावरून औषध सोडा असं निघत नाही. कोणतं औषध, किती, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे जास्त काटेकोरपणे ठरवावं लागतं एवढंच त्यातून निघतं.

“रक्त जात नाही तिथे औषध जात नाही”

अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ७० टक्के लिहिलेलं असतं ते नळीचा व्यास किती अरुंद झालाय याचं माप. त्याचा अर्थ ७० टक्के रक्त थांबलं असा नाही. शांत बसलेलं असताना हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर रक्त लागतं. नळी अरुंद झाली की तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या आपणहून सैलावतात, आणि व्यास साधारण ८५ टक्के अरुंद होईपर्यंत बसल्या जागी लागणारं रक्त बहुधा पोचत राहतं. रक्त पोचतं म्हणजे त्यातलं औषधही पोचतं.

अडचण येते ती मागणी वाढल्यावर. हातापायांचे स्नायू दमले की आलेल्या रक्तातूनच जास्त प्राणवायू काढून घेतात. हृदयाला ती सोय जवळजवळ नाही, कारण विश्रांतीतसुद्धा ते आलेल्या रक्तातला ७० ते ७५ टक्के प्राणवायू वापरून टाकतं. जास्त प्राणवायू हवा तर जास्त रक्तच यायला हवं, आणि अरुंद नळीतून ते येऊ शकत नाही. म्हणून घरात काहीच न जाणवणारा माणूस सप्तशृंगी गडाच्या पायऱ्यांवर छाती धरून बसतो. जानेवारीच्या पहाटे, निफाडकडून थंडीची लाट आलेली असताना, तोच माणूस सपाट रस्त्यावरही थांबतो, कारण गारठ्याने शरीरभरच्या वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाचं काम वाढतं.

आता गोळ्या नेमक्या कुठे काम करतात ते पाहा. अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्स या कणांवर काम करतं, त्यातल्या बऱ्याचशा तर आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच निकामी होतात. एकदा निकामी झालेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे सात ते दहा दिवसांत, पुन्हा चिकट होत नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मुख्यतः यकृतात काम करते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही गोळी सर्वांत आधी शरीरातल्या शिरा सैल करते. रक्त पाय आणि पोटाकडे थांबतं, हृदयात कमी भरतं, त्याच्या भिंतीवरचा ताण उतरतो आणि गरजच कमी होते. यातल्या कशालाही ब्लॉकेज ओलांडून पलीकडे जाण्याची गरज नाही.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांचं काम मला सर्वांत सुंदर वाटतं. डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा रक्त मिळतं; आकुंचन पावताना ती स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरते. मिनिटाला ६० ठोके असले तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो, १२० झाले की अर्धा सेकंद, आणि कपात प्रामुख्याने त्या सैल पडण्याच्या वेळेतच होते. बीटा ब्लॉकर ठोके मंद करतो आणि हृदयाला तो वेळ परत मिळवून देतो. नळी तेवढीच अरुंद राहते, तरी स्नायूला पोटभर मिळायला लागतं.

नळी पूर्ण बंद झाली तर? म्हणजे हार्ट अटॅक. मेसेजच्या तर्काने इथे तरी औषध हतबल ठरायला हवं. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत अटॅक आलेले १७,१८७ रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून आणि अ‍ॅस्पिरिन तोंडाने, अशी दोन्ही औषधं मिळालेल्या गटात पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी ८ टक्के रुग्ण दगावले. दोन्ही न मिळालेल्या गटात १३.२ टक्के. हाताच्या शिरेतून दिलेलं औषध हृदयातल्या बंद नळीपर्यंत पोचलं आणि माणसं वाचली.

एवढं मात्र खरं की अटॅकमध्ये रक्तदाब खूप खाली गेला तर पोटाकडचं रक्त कमी होतं आणि गिळलेली गोळी उशिरा शोषली जाते. वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिननेही पोट मंदावतं आणि काही गोळ्यांचा परिणाम लांबतो. म्हणून तिथे इंजेक्शन लागतं, म्हणून अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात. वाट बदलायची असते. मेसेज सांगतो प्रवासच रद्द करा.

“नळ्या जितक्या रुंद, तितकं रक्त जास्त”

सगळ्या मेसेजमधलं मला सर्वांत घातक वाटणारं वाक्य हेच. ऐकायला ते इतकं सरळ आहे की कोणाला शंकाच येत नाही.

वर म्हटलं तसं अरुंद नळीच्या पुढच्या बारीक वाहिन्या आधीच पूर्ण सैलावलेल्या असतात. त्यांना आणखी सैल व्हायला जागा उरलेली नाही. अशा वेळी सगळीकडच्या बारीक वाहिन्या एकदम उघडणारं औषध दिलं तर उघडतात त्या निरोगी भागातल्या. पाटाच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी सगळी दारं मोकळी सोडली की शेवटच्या वावरात पाणी पोचत नाही, नेमकं तसंच होतं. रक्त सोप्या वाटेने निरोगी भागाकडे वळतं आणि आधीच तहानलेला भाग आणखी कोरडा पडतो. डायपिरिडामोल हे औषध असं करू शकतं. हृदयतज्ज्ञ या गुणाचा उपयोग तपासणीसाठी करतात: चालू न शकणाऱ्या रुग्णाला ते देखरेखीखाली देऊन कोणत्या भागाला रक्त कमी पडतंय ते पाहता येतं. जे औषध दवाखान्यात दोष उघडा पाडतं, तशा जातीचं काही घरी ‘रुंद होण्यासाठी’ भरपूर घ्यावं असं कोणी सांगत असेल तर त्याला हृदयाचं गणित कळलेलं नाही.

दुसरी अडचण दाबाची. हृदयाच्या नळ्यांमध्ये रक्त ढकलतो तो ठोक्यांच्या मधल्या वेळेतला दाब, म्हणजे बीपीच्या दोन आकड्यांतला खालचा. शरीरभरच्या वाहिन्या एकदम सैल केल्या तर हाच दाब कोसळतो, आणि तो सावरायला हृदय धावू लागतं. म्हणजे पुरवठा घटला आणि मागणी वाढली. बीपी वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची पद्धत एके काळी सगळीकडे होती. १९९० च्या दशकात तिचे धोके ठळकपणे समोर आले: दाब झटक्यात पडून काहींना अटॅक, काहींना पक्षाघात. अजूनही कधीतरी कोणी मावशी शेजारणीचं ऐकून ‘ती फोडायची कॅप्सूल’ मागायला येतात. मी देत नाही, आणि का देत नाही ते समजावून सांगते.

सॉर्बिट्रेटचंही तसंच. खिशात जरूर ठेवा, पण छातीत दुखलं की तीन-चार गोळ्या एकदम जिभेखाली ठेवू नका. बसा, उभं राहून घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेली एक गोळी ठेवा. पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही किंवा वाढली, तर १०८ ला फोन करा. रिक्षा शोधत किंवा मुलगा सातपूरहून कामावरून येईपर्यंत थांबू नका. चक्कर येत असेल, बीपी खाली असेल तर ही गोळी नकोच. अटॅक हृदयाच्या उजव्या कप्प्याचा असेल तर त्याचं सगळं काम भरून येणाऱ्या रक्तावर चालतं; सॉर्बिट्रेटने ते रक्त कमी झालं की दाब धाडकन खाली येतो. आणि सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, म्हणजे लैंगिक समस्येसाठीच्या गोळ्या, घेतल्या असतील तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकतं. ही माहिती लाजेपोटी लपवली जाते. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, इमर्जन्सीत, घरचे समोर असले तरी सांगा.

“गोळी लागू पडेनाशी झाली म्हणजे शरीराने नाकारली”

हे नायट्रेट गोळ्यांबद्दल, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीच्या गोळ्यांबद्दल, हमखास ऐकू येतं. दिवसरात्र शरीरात नायट्रेट राहिलं तर वाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात, हे खरं. डायनामाइटच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन, म्हणजे याच जातीचं रसायन, हाताळणाऱ्या कामगारांना सोमवारी डोकं दुखायचं, आठवडाभरात ते थांबायचं, आणि रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू व्हायचं. एका सुट्टीत शरीर पूर्ववत होत होतं. आजचे डॉक्टर तीच सुट्टी रोजच्या डोसमध्ये ठेवतात: चोवीस तासांतले साधारण १० ते १२ तास नायट्रेटविना जाऊ देतात. म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची मोनोनायट्रेटची साधी गोळी बऱ्याचदा सकाळी आणि दुपारी लिहिलेली असते, रात्री नसते. दुसरी गोळी विसरली म्हणून झोपताना घेणारे, किंवा लक्षात राहावं म्हणून सकाळ-रात्र अशी वाटणी स्वतःच करणारे, ही सुट्टी मोडतात आणि मग गोळीला दोष देतात. चिठ्ठीवरची वेळ हासुद्धा औषधाचाच भाग आहे.

“हृदय सगळ्यांचं सारखंच”

याचं उत्तर वैद्यकशास्त्राने फार मोठी किंमत देऊन शिकलंय.

अटॅक येऊन गेलेल्या अनेकांच्या ईसीजीत मधेच जास्तीचे ठोके दिसतात. असे ठोके जास्त असणाऱ्यांमध्ये अचानक मृत्यूही जास्त होतात, हे १९८० च्या दशकापर्यंत माहीत झालं होतं. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं ते ठोके छान दाबायची. ठोके दाबले की मृत्यू टळतील, असं जगभरातल्या हृदयतज्ज्ञांना वाटत होतं आणि औषधं दिलीही जात होती. कास्ट या अमेरिकी चाचणीत हे तपासलं गेलं. ज्यांचे ठोके या औषधांनी खरोखर दबले, अशाच रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली: काहींना औषध, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१ च्या अहवालातले आकडे असे: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मृत्यू, नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता आणि माणसं दुपटीहून अधिक संख्येने गेली होती.

असं का व्हावं? रक्त तुटलं की काही मिनिटांत हृदयाच्या पेशींत आम्लता वाढते, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार उतरतो. ठोक्याचा संदेश पुढे नेणारे सोडियमचे मार्ग तिथे आधीच अर्धवट मिटलेले असतात. ही औषधं तेच मार्ग आणखी बंद करतात. निरोगी भागातून संदेश बऱ्या वेगाने जातो, उपाशी भागात तो रखडतो, उशिराने बाहेर पडतो, आणि तोवर मोकळ्या झालेल्या शेजारच्या स्नायूला पुन्हा चेतवतो. संदेश गोल गोल फिरत राहतो आणि हृदय धडधडण्याऐवजी नुसतं थरथरतं. निरोगी हृदयात जे औषध शहाण्यासारखं वागतं, तेच रक्त कमी पडलेल्या किंवा अटॅकचा वण असलेल्या हृदयात घातक होतं. फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, पण हृदयाची रचना निरोगी असलेल्यांसाठी. सिडकोतल्या शेजाऱ्याला धडधडीसाठी ते लिहून दिलं असेल आणि त्याला बरं वाटत असेल. अटॅक येऊन गेलेल्या माणसाने त्याच्याकडून चार गोळ्या उसन्या घेणं म्हणजे तीच चाचणी स्वतःवर करणं.

फरक फक्त हृदयातल्या रक्तप्रवाहाचा नसतो. हृदयाची पंपिंग कमी झाली की यकृत आणि किडनीकडेही रक्त कमी जातं. दातांच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला देतात ते लिग्नोकेन काही रुग्णांत हृदयाचे घातक ठोके आवरायला शिरेतून देतात. यकृताकडे जितकं रक्त जाईल तितक्याच वेगाने हे औषध शरीरातून निघून जातं, म्हणून पंपिंग कमी असलेल्याला डोस कमी लागतो. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध किडनीवाटे बाहेर जातं; किडनी मंदावली की ते साचतं, आणि प्राणवायू कमी पडलेला स्नायू त्याच्या विषारी परिणामाला जास्त लवकर बळी पडतो. एकाच घरात, एकाच वयाच्या दोन भावांना एकाच औषधाचा वेगवेगळा डोस असतो तो यामुळे.

“अटॅकनंतर तो भाग मेलेला, औषध काय करणार?”

काही भाग मरतो, हे खरं. पण सोनोग्राफीत हलत नाही म्हणून सगळा भाग मेलेला नसतो. रक्त बराच काळ कमी मिळत राहिलं तर काही स्नायू काम थांबवून मिळेल तेवढ्यावर जीव धरून राहतात. डॉक्टर त्यांना शोधतात ते औषधाच्या मदतीनेच. हृदयाला जोराने आकुंचन पावायला लावणारं डोब्युटामिन थोड्या प्रमाणात दिलं की हा स्तब्ध भाग हलू लागतो. प्रमाण वाढवलं की मागणी वाढते, रक्त पुरत नाही आणि तो पुन्हा थांबतो. आधी हलला, मग थांबला, म्हणजे स्नायू जिवंत आहे आणि रक्त मागतो आहे. खरोखर मेलेला भाग दोन्ही वेळा स्थिर राहतो. अशा रुग्णात बायपास किंवा स्टेंटचा विचार करताना ही माहिती उपयोगी पडते. बाकीच्या, शाबूत राहिलेल्या स्नायूला सांभाळायला तर गोळ्या लागतातच.

“परदेशी अभ्यासाने स्टेंट निरुपयोगी ठरवला”

बहुतेक इशिमिया नावाच्या चाचणीबद्दल बोलणं चाललंय. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही होते. स्थिर आजार असलेल्यांत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केल्याने अटॅक आणि मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत, हे बरोबर. पण दोन्ही गटांना काय दिलं होतं? अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीपीच्या आणि छातीच्या कळेच्या गोळ्या. ज्या गटाने स्टेंट लगेच घातला नाही तो गोळ्यांवर होता, काढ्यावर नव्हता. मेसेज ज्या अभ्यासाचा दाखला देऊन गोळ्या सोडायला सांगतो, तोच गोळ्यांच्या बाजूची मोठी साक्ष आहे. शिवाय मुख्य डाव्या नळीत मोठा ब्लॉकेज असलेले, पंपिंग फार कमी असलेले आणि नुकताच अटॅक आलेले रुग्ण या अभ्यासात नव्हतेच. आणि ज्यांना वारंवार कळ यायची त्यांना स्टेंट-बायपासच्या गटात आराम जास्त मिळाला. चालू अटॅकमध्ये बंद नळी उघडणं जीव वाचवतं, त्याला या अभ्यासाने कुठेही धक्का लागत नाही.

“गोळ्या सोडा, काढा घ्या”

लसूण भाजीत घाला, चटणीत खा, काही बिघडत नाही. काढ्याने नळीतला ब्लॉकेज उघडत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेटवरच्या गोळ्या घेणाऱ्याने लसणाचा अर्क किंवा कॅप्सूल मोठ्या प्रमाणात घेतली तर रक्त येण्याचा धोका मात्र वाढू शकतो.

खरा धोका गोळी अचानक थांबवण्यात आहे. बीटा ब्लॉकर चालू असताना हृदय स्वतःच्या पेशींवरचे अ‍ॅड्रेनलिनला दाद देणारे बिंदू वाढवतं. गोळी एका दिवसात बंद केली की ते सगळे बिंदू मोकळे सापडतात. नाडी उसळते, कळ परत येते, काहींना अटॅक येतो. हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे, म्हणूनच ही गोळी बंद करायचीच झाली तर डोस पायरीपायरीने उतरवतात. स्टेंट घातल्यानंतरच्या महिन्यांत प्लेटलेटच्या दोन गोळ्या स्वतःहून बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती बहुधा मोठ्या अटॅकच्या रूपाने येते.

गोळ्यांचा त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. बीपीच्या रॅमिप्रिल गोळीने काहींना कोरडा खोकला येतो, त्याला दुसऱ्या गटातली गोळी आहे. स्टॅटिनने अंग दुखलं तर डोस किंवा गोळी बदलता येते. बीटा ब्लॉकरने नाडी फार मंद झाली तर प्रमाण कमी करता येतं. अ‍ॅस्पिरिनने पोटात जळजळ होत असेल तर पोट सांभाळणारी गोळी जोडता येते. यातलं काही होत असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घेऊन जा, काढ्याची बाटलीसुद्धा. शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी), किडनीसाठीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि घरी मोजलेल्या बीपी-नाडीची वही सोबत असली तर कोणती गोळी काढायची, कोणती बदलायची आणि कोणती अजिबात हलवायची नाही, हे त्यांना तिथल्या तिथे ठरवता येतं.